लोकगीतं आणि लोकवाद्यांची हौशी व्हिडिओ स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी दसरा जवळ आला की आमचा फोन वाजायला लागतो. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, काही मात्र असे येतात की आम्हालाच दोन दिवस विचार करावा लागतो. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे आहेत. सोपे आधी, अवघड नंतर.

१. ही स्पर्धा नेमकी आहे काय? स्टेजवर यावं लागतं का?

नाही. घरी, ओसरीवर, देवळात, शेतात, जिथे तुम्ही एरवी गाता-वाजवता तिथेच मोबाईलवर व्हिडिओ करायचा आणि आमच्याकडे पाठवायचा. गायन, वादन आणि मेळा असे तीन विभाग आहेत. मेळा म्हणजे तीन किंवा जास्त माणसं. प्रवेश फी नाही. निकाल कसा लागतो ते प्रश्न १९ मध्ये आहे.

२. ‘हौशी’ कुणाला म्हणता? मी खंडोबाच्या जागरणाला दिमडी वाजवतो आणि दक्षिणा घेतो. मग मी बाद का?

बाद नाही, जरूर या.

हा शब्द आम्ही नाटकवाल्यांकडून घेतला आणि तो लोककलेला नीट बसत नाही, हे पहिल्याच वर्षी लक्षात आलं. नाटकात हौशी म्हणजे नोकरी सांभाळून तालीम करणारा. पण गोंधळी, वाघ्या-मुरळी, वासुदेव, जोगती, डवरी यांच्या घरात कला, देव आणि पोट या तीन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. गोंधळ्याला मिळणारा शिधा आणि दक्षिणा हा विधीचा भाग आहे. त्याला ‘मानधन’ म्हणून स्पर्धेबाहेर ठेवायचं, तर ज्यांच्याकडून आपण सगळे शिकलो तेच बाहेर राहतील.

म्हणून आमची रेघ अशी: वर्षाची मुख्य कमाई तिकीट लावून होणाऱ्या कार्यक्रमांतून, सिनेमा-मालिकांतून किंवा रेकॉर्डिंगमधून होत असेल, तर तुम्ही स्पर्धक नाही, पाहुणे. पाहुण्यांचे व्हिडिओ आम्ही वेगळे दाखवतो, त्यांना गुण देत नाही. बाकी सगळे स्पर्धक. शंका असेल तर विचारा. आजवर विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना आम्ही ‘या’ म्हणूनच सांगितलं आहे.

३. कोणती गाणी लोकसंगीतात धरता?

ओव्या, भारूड, गवळण, वारकरी चालीचे अभंग, पोवाडा, लावणी, गोंधळाची आणि जागरणाची पदं, वासुदेवाची गाणी, भोंडला-हादगा-भुलाबाईची गाणी, कोकणातली जाखडी आणि नमन, खानदेशातली कानबाईची गाणी, झाडीपट्टीतली दंडार आणि खडी गंमत, गोव्यातली धालो-फुगडीची गाणी आणि घुमटावरच्या (घुमट म्हणजे कातड्याने मढवलेलं मातीचं वाद्य) आरत्या, वारल्यांचं तारपावादन (तारपा म्हणजे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य). यादी इथे संपत नाही. तुमच्या आळीत, वाडीत, पाड्यावर पिढ्यान् पिढ्या जे चालत आलं ते सगळं चालेल.

४. सिनेमातलं एक गाणं अगदी गावाकडचंच वाटतं. ते गाऊ का?

नको. त्याला गीतकार आणि संगीतकार असतो, आणि ते ऐकायला लोकांकडे मूळ रेकॉर्ड आहेच. पण अनेकदा अशा गाण्याचा मुखडा खरोखरच जुन्या लोकगीतावरून घेतलेला असतो. ते जुनं रूप तुमच्या घरात कुणाला येत असेल तर तेच पाठवा. आम्हाला त्याचीच ओढ आहे.

५. अभंग, पोवाडे, शाहिरांची गाणी यांच्या हक्काचं काय? कुणाची परवानगी लागते?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे (१९५७) कवी किंवा संगीतकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षं त्याच्या रचनेवर हक्क राहतो. मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात. तुकोबांचे अभंग, नाथांची भारुडं, जनाबाईची पदं, राम जोशी किंवा होनाजी बाळा यांच्या लावण्या हे शब्द सर्वांचे झालेले आहेत. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, त्यामुळे त्या पुस्तकातल्या कविताही आता मोकळ्या आहेत.

पुढच्या नावांपाशी मात्र थांबावं लागतं. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत आलेल्या भजनांवर २०२८ अखेरपर्यंत हक्क. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, तिथे २०२९ अखेर. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, तिथे २०६४ अखेर. खंजिरी भजन विदर्भात गावोगाव होतं आणि वामनदादांची गाणी प्रत्येक वस्तीत पाठ असतात, हे आम्ही जाणतो. तरीही व्हिडिओ जाहीरपणे दाखवायचा असल्यामुळे अशा रचनेसाठी हक्कदारांची लेखी परवानगी सोबत जोडा. ती मिळवायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात श्रावणातच करा.

दुसरी गोष्ट चालीची. अभंग तुकोबांचा असला तरी तुमच्या कानात बसलेली चाल एखाद्या अलीकडच्या संगीतकाराची असू शकते, आणि तिच्यावर त्याचा वेगळा हक्क असतो. उपाय सोपा आहे. दिंडीत, काकड्याला, भजनी मंडळात जी चाल म्हणतात ती म्हणा. ती चाल कुठली, हे प्रश्न ७ मधल्या रकान्यात लिहा.

६. पोवाडा मी स्वतः रचलाय. चालेल?

चालेल, बाज पोवाड्याचा हवा. अफजलखानवधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा त्या घटनेच्या काळातलाच मानतात. म्हणजे डोळ्यांसमोर घडलेलं गाणं ही शाहिराची जुनीच रीत आहे. दुष्काळ, पाणी, गावची शाळा, कशावरही रचा. निवडणुकीचा प्रचार आणि कुणा जाती-धर्माची टिंगल घेणार नाही.

७. ‘कुणाकडून शिकलात’ हा रकाना सक्तीचा का? मी तर यूट्यूबवरून शिकलो.

तर तसं लिहा: कोणत्या गायकाचा व्हिडिओ, कुठला, किती दिवस ऐकलात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रकाना सक्तीचा आहे, कारण आमच्या लेखी स्पर्धेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. गाणं नुसतं ध्वनिमुद्रित झालं की उरतो एक आवाज. ते कुठल्या बाईने, कुठल्या गावात, दळताना म्हटलं की खुरपताना, हे सोबत असलं तर ते गाणं जाग्यावर राहतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवण्याची त्यांची शिस्त होती. म्हणून आज एखादीला आपल्या आजीची ओवी नावानिशी सापडू शकते. आपण त्या तोडीचं काम करत नाही, पण ती सवय तर घेऊ शकतो.

‘परंपरेने आलेलं’ एवढंच लिहिलं तर आम्ही परत विचारू. परंपरा कुणाच्या तरी तोंडून तुमच्यापर्यंत आली ना? आत्या, शेजारच्या काकू, भजनी मंडळातले मृदंगी, आठवडी बाजारात भेटणारा डफवाला: जो कुणी असेल तो लिहा. त्या माणसाची नाव द्यायला हरकत असेल तर नातं आणि गाव पुरे.

८. प्रवेशिका कधी पाठवायच्या? आणि याच महिन्यात का?

कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, बरोबर एक महिना. पावसाळ्यात कातडं सर्द होतं आणि वाद्यं बोलत नाहीत, हे पहिलं कारण. दुसरं असं की नवरात्रातला भोंडला आणि देवीची गाणी नुकतीच घुमून गेलेली असतात, गावोगाव पहाटेचा काकडा चालू असतो आणि भात तयार झाल्यामुळे तारपाही बाहेर निघालेला असतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींसाठी एक सवलत आहे. याच दिवसांत तुमचं बिऱ्हाड हलतं, रेंज नसते, चार्जिंगची पंचाईत असते. कोपीवरून (तिथल्या झोपडीवरून) गाऊन पाठवा, मुदतीनंतर पंधरा दिवसांपर्यंत घेऊ.

९. व्हिडिओ किती मिनिटांचा? आमचा पोवाडा वीस मिनिटांचा आहे.

पाच मिनिटं. पोवाड्याचा एक चौक, म्हणजे एक भाग, निवडा. निवडताना सुरुवातीचाच चौक घेतला पाहिजे असं नाही, ज्यात तुमचा आवाज सर्वांत मोकळा लागतो तो घ्या. भारुडाला आठ मिनिटं देतो, कारण त्यातलं रूपक उलगडून सांगितल्याशिवाय भारूड पुरं होत नाही.

१०. साधा मोबाईल आहे. आवाज चांगला यावा म्हणून काय करू?

साधा मोबाईल पुरतो. फोन कुठे ठेवला यावर सगळं अवलंबून असतं.

पंखा, फ्रीज, कुकर बंद. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे भिंतीला दोन गोधड्या टांगा, बराच फरक पडतो. फोन आडवा धरा, छातीच्या उंचीवर, कापडाच्या घडीवर टेकवून. ज्या पाटावर किंवा टेबलावर वाद्य आहे त्यावर फोन ठेवू नका, प्रत्येक थाप धक्क्यासारखी ऐकू येते.

गाणारा फोनच्या सर्वांत जवळ, साधारण दीड हातावर. ढोलकी किंवा पखवाज त्याच्या मागे दोन-तीन पावलं. टाळ त्याहून मागे, कारण एक जोड टाळ अख्ख्या मेळ्याचे शब्द गिळतो. संबळ असेल तर फोन आठ-दहा फूट लांब न्या. मग अर्धा मिनिट रेकॉर्ड करून इअरफोन लावून ऐका. जोराच्या जागी आवाज फाटत असेल तर फोन आणखी मागे घ्या, वाजवणाऱ्याला हळू वाजवायला सांगू नका. हात आखडला की ठेका बिघडतो.

डफ आणि दिमडी आधी शेकून घ्या आणि शेकल्यावर लगेच रेकॉर्ड करा, पुन्हा उतरायला वेळ लागत नाही. ढोलकी मात्र विस्तवाजवळ नेऊ नका, शाई तडकते. ती सावलीत कोरडी ठेवा आणि कड्या ओढून चढवा.

व्हिडिओ कॉलवर गाऊन तोच रेकॉर्ड करून पाठवणारे बरेच आहेत. तसं करू नका. कॉलमध्ये सलग चालणारा एकसुरी आवाज गोंगाट समजून कापला जातो, म्हणजे नेमकं तुणतुणं आणि एकतारी गायब.

११. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवू का?

पाठवा, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. नेहमीसारखा पाठवला तर तो दाबला जातो आणि टाळांचा नुसता खरखराट ऐकू येतो. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून दुवा पाठवलात तरी चालेल.

१२. एडिटिंग, ऑटोट्यून, कराओके, एआयचा आवाज?

पुढचं-मागचं कापा, बाकी काही नको. गाणं एका दमात झालेलं हवं. सूर थोडा हलला तर गुण जात नाहीत. तानपुऱ्याचं ॲप चालेल, तालाचं नाही. कराओके, ओठ हलवणं आणि यंत्राने बनवलेला आवाज घेत नाही.

१३. मी एकटाच आहे. मागून सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांशिवाय पोवाडा कसा गाऊ?

घरातल्या कुणालाही ‘जी जी’ धरायला बसवा, त्यांना गाता येत नसलं तरी. झीलकऱ्यांमुळे विभाग बदलत नाही, तुम्ही गायन विभागातच राहता. स्वतःचेच चार व्हिडिओ एका पडद्यावर जोडून झील धरणं तेवढं घेत नाही, ते प्रश्न १२ च्या नियमात बसत नाही.

१४. आम्ही परदेशात आहोत. डफ नाही, तुणतुणं नाही. काय करायचं?

हाताशी आहे ते घ्या. खंजिरीसारखं वाद्य कुठेही मिळतं, झांजा कापडाने बांधल्या की दिमडीचं काम भागतं. तुणतुणं घरी करता येतं: पत्र्याचा डबा, काठी, एक तार, एक खुंटी. गावाकडची पोरं तसंच करून शिकतात.

वाद्यापेक्षा आम्हाला उत्सुकता आहे ती तुमच्याकडे गाणं काय होऊन उरलं याची. मॉरिशसच्या मराठी घरांत कोकणातून गेलेली झाकरी (आपली जाखडी) अजून आहे. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल (कोकणातले मराठी ज्यू) मंडळींनी मराठी कीर्तनं सोबत नेली. शब्द बदलले असतील, उच्चार बदलले असतील, तर ते ‘सुधारून’ गाऊ नका. तुमच्या घरात म्हणतात तसंच म्हणा.

१५. माझ्या आजोबांच्या घुमटाला घोरपडीचं कातडं आहे. तो वाजवू का?

नाही, तो व्हिडिओ आम्ही घेऊ शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) घोरपडीला संरक्षण आहे. घुमट जुना असला तरी आमचं उत्तर तेच. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, आणि आज घुमट बकरीच्या कातड्याने मढवतात. नाद थोडा वेगळा येतो हे जुने वाजवणारे सांगतात आणि ते खरं आहे. बकरीच्या कातड्यावर वाजवायला हात वेगळा लागतो. तो हात कसा बसवलात हे व्हिडिओच्या सुरुवातीला दोन वाक्यांत सांगितलंत तर शिकणाऱ्यांवर उपकार होतील.

१६. आईला सुंदर ओव्या येतात, पण तिला चेहरा दाखवायचा नाही.

दाखवू नका. जात्याचा खुंटा धरलेले हात दाखवा, चूल दाखवा, अंगण दाखवा. नावही नको असेल तर ‘अमुक गावची एक आई’ एवढं लिहू. फक्त एक: आईला विचारून रेकॉर्ड करा. लपून केलेलं रेकॉर्डिंग, कितीही प्रेमाने केलेलं असो, आम्ही परत पाठवतो. आणि गायल्यावर ते आधी तिला ऐकवा. पुष्कळ बायकांनी स्वतःचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलेला असतो.

१७. मुलांना भाग घेता येईल का?

येईल. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती हवी. शाळेचा गणवेश, शाळेचं नाव, घराचा पत्ता व्हिडिओत नको. मुलांना वेगळा विभाग नाही, मोठ्यांनी त्यांच्याबरोबर एका मेळ्यात बसावं असं आम्हाला वाटतं.

१८. काही गाणी विधीचीच असतात. ती कॅमेऱ्यासमोर म्हणावीत का?

याला आमच्याकडे एकच उत्तर नाही. वारल्यांच्या लग्नात धवलेरी (लग्न लावणारी बाई) जी गाणी म्हणते ती लग्न लावण्याचा भाग असतात. देवीच्या काही पदांना दिवस आणि जागा ठरलेली असते. मर्तिकाची गाणी घरात म्हटलेली चालत नाहीत असं मानणारे लोक आहेत. या समजुती आम्ही पाळतो. नियम म्हणून एवढंच: ज्या समाजाचं गाणं आहे त्यातल्या जाणत्या माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर दुसरं गाणं घ्या. तुम्ही स्वतः त्या समाजाचे नसाल तर कुणाला विचारलंत तेही लिहा.

भारुडात वासुदेव किंवा जोगतीण होताना वेष घ्यावा, पण नक्कल करून हशा मिळवू नये. नाथांनी ती माणसं हसण्यासाठी उभी केलेली नाहीत.

१९. निकाल लाइक्सवर लागतो का?

आता नाही. पहिल्या वर्षी लागला होता आणि ती आमची चूक होती. मित्रांची मोठी फौज असलेला पहिला आला आणि एकतारीवर अप्रतिम भजन म्हणणारे एक आजोबा यादीच्या तळाशी राहिले.

आता स्पर्धकच एकमेकांना ऐकतात. तुम्हाला चिठ्ठ्या टाकून निवडलेले पाच व्हिडिओ येतात. प्रत्येकाला सूर-ताल, शब्दांची स्पष्टता आणि गाण्याची माहिती यांचे गुण द्यायचे आणि दोन ओळी लिहायच्या. ‘छान’ ही ओळ धरत नाही. काय छान, कुठे छान ते लिहा: कुठल्या शब्दावर आवाज थांबला, ठेका कुठे दुप्पट झाला. पाच ऐकले नाहीत तर तुमचा व्हिडिओ निकालात धरला जात नाही, या नियमाबद्दल ओरड होते, पण तो बदलणार नाही.

२०. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोकणी, वारली बोलीतलं गाणं परक्या माणसाला कळणार कसं? गुण कमी पडतील ना?

गाण्याचे पूर्ण शब्द आणि खाली साध्या मराठीत अर्थ लिहून द्या, तो ऐकणाऱ्यांना व्हिडिओसोबत जातो. ‘शब्दांची स्पष्टता’ म्हणजे उच्चार प्रमाण मराठीसारखे असणं नव्हे. कुणी बोलीवरून गुण कापल्याचं दिसलं तर तो व्हिडिओ आम्ही दुसऱ्या पाच जणांना ऐकवतो.

२१. बक्षीस काय?

रोख नाही. प्रत्येक विभागात पहिल्या येणाऱ्याचं एक वाद्य आम्ही मढवून किंवा दुरुस्त करून देतो. काम त्याच्याच भागातल्या कारागिराकडून करून घेतो. वाद्य नसलेल्या गाणाऱ्याला हवं ते छोटं वाद्य घेऊन देतो.

२२. अभंग गायलो, तरी यूट्यूबने हक्काचा दावा लावला. आता?

घाबरू नका, हे यंत्राचं काम असतं. सारख्या चालीचं एखादं नोंदलेलं रेकॉर्डिंग सापडलं की दावा आपोआप लागतो. शब्द संतांचे, चाल पारंपरिक आणि आवाज तुमचा असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते. हरकत घेण्याआधी प्रश्न ५ मधला चालीचा भाग पुन्हा वाचा. दावा खरा असेल तर गाणं बदला. दरम्यान मूळ फाइल आमच्याकडे डॉक्युमेंट म्हणून पाठवून ठेवा, मुदत चुकणार नाही.

२३. आजीचं जुनं कॅसेटवरचं रेकॉर्डिंग आहे. ती आता नाही. पाठवता येईल का?

स्पर्धेत नाही, कारण गुण द्यायला आणि दुसऱ्यांना ऐकायला ती नाही. पण निकालाच्या दिवशी आम्ही सुरुवात अशा रेकॉर्डिंगनेच करतो, म्हणून नक्की पाठवा. घरातल्या बाकीच्यांची संमती घ्या. कॅसेट जुनी असेल तर ती सारखी वाजवून पाहू नका, टेप तुटते. एकदाच वाजवून मोबाईलवर नव्हे तर वायरने संगणकावर उतरवून घ्या. जमत नसेल तर जवळच्या गावात हे काम करणारं कुणी शोधायला आम्ही मदत करू.

आणि त्यातली एखादी ओवी तुम्हाला येत असेल, तर ती तुम्ही म्हणा आणि स्पर्धेत पाठवा. प्रश्न ७ च्या रकान्यात काय लिहायचं ते तुम्हाला ठाऊकच आहे.